फाइलच्या नावातली अक्षरं दगा देतात तेव्हा: या चुका टाळा

मॅकवर व्यवस्थित चालणारी वेबसाइट लिनक्स सर्व्हरवर चढवली की काही चित्रं दिसेनाशी होतात. फाइल जागेवर आहे, नाव तेच आहे, तरी ब्राउझर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, म्हणतो. अशा नावांत बहुतेक वेळा एखादं चिन्ह जोडलेलं अक्षर असतं: फ्रेंचमधला तिरप्या रेघेचा ई, जर्मनमधला दोन टिंबांचा यू, किंवा आपल्या ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात, अशी अक्षरं दोन प्रकारे लिहिता येतात. एक अखंड रूप, ज्याला एनएफसी म्हणतात. दुसरं सुटं रूप, एनएफडी, ज्यात मूळ अक्षर आणि चिन्ह वेगवेगळे साठवले जातात. रेघेचा ई अखंड असेल तर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटांत साठवायची पद्धत) २ बाइट घेतो, सुटा असेल तर ३. ‘ऱ’ अखंड असेल तर ३ बाइट, ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) असा सुटा असेल तर ६. पडद्यावर फरक शून्य. लिनक्ससाठी मात्र फाइलचं नाव म्हणजे फक्त बाइटांची रांग असते, म्हणून तिथे या दोन वेगळ्या फाइली ठरतात. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्थाही नावं आपणहून एकसारखी करत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रत्येक नाव सुटं करूनच ठेवायची. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस दिलेलं रूप तसंच ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. म्हणूनच चूक मॅकवर लपते आणि सर्व्हरवर उघडी पडते.

डोळ्यांवर विश्वास ठेवून ‘डुप्लिकेट’ पुसणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. लिनक्सच्या एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या की हात लगेच डिलीटकडे जातो. त्या एकमेकींच्या प्रती असतीलच असं नाही. एक जुनी आवृत्ती असेल, दुसरी कालची. आधी दोन्हींचा आकार, तारीख आणि चेकसम (मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) पाहा. मग नावाचे बाइट पाहा. लिनक्सवर नावांची यादी देणाऱ्या ‘एलएस’चा निकाल बाइट दाखवणाऱ्या ‘एक्सएक्सडी’कडे पाठवला की ते समोर येतात. असा फोल्डर तसाच मॅकवर उतरवू नका. तिथे दोन्ही नावं एकाच जागी जातात आणि एक फाइल दुसरीवर लिहिली जाऊ शकते.

सरसकट नावं बदलणं

नावं अखंड रूपात आणणं हा उपाय बरोबर आहे, पण घाईने केला तर डेटाबेसमधले आणि पानांमधले जुने दुवे तुटतात. लिनक्सवर ‘कॉन्व्हएमव्ही’ हे साधन याच कामासाठी आहे. त्याचा मला आवडणारा गुण असा की स्पष्ट सांगितल्याशिवाय ते काहीच बदलत नाही, फक्त काय बदलेल ते दाखवतं. ती यादी पूर्ण वाचा, बॅकअप घ्या, आणि मगच पुढे जा. एनएफकेसी हा युनिकोडचा आणखी एक प्रकार मात्र टाळा. तो वर्गाच्या खुणेसारख्या, ओळीच्या वर लिहिलेल्या छोट्या दोनाचा (²) साधा दोन करतो, आणि एकदा केलेला बदल उलटवता येत नाही.

मराठी नावांत आणखी एक खाच आहे. ‘दुसऱ्या’ कुणी ‘ऱ’ आणि हलन्त वापरून टाइप करतं, तर कुणी साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण एनएफसी यांना एक करत नाही. कीबोर्ड बदलला की शोध का फसतो, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. ‘क़’सारख्या अक्षरांना तर एनएफसीही सुटंच ठेवतं, त्यामुळे ‘एनएफसी म्हणजे नेहमी छोटं रूप’ असं धरून चालू नका.

विचित्र अक्षरं दिसली की हाताने नाव सुधारणं

झिप उघडल्यावर नावांच्या जागी चौकटीच्या रेघा आणि भलती चिन्हं आली, तर बाइट बहुधा शाबूत असतात, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचलेले असतात. झिपमध्ये नाव यूटीएफ-८ मध्ये असल्याची एक खूण असते. काही साधनं ती लावतच नाहीत, मग उघडणारा प्रोग्राम जुना कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) गृहीत धरतो. योग्य एन्कोडिंग निवडून झिप पुन्हा उघडा. नावांत खरोखर प्रश्नचिन्हं लिहिली गेली असतील तर मात्र माहिती गेली. मूळ फाइलींकडेच परतावं लागेल. तत्पूर्वी टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) तपासा, कारण ते चुकीचं असलं तर चांगल्या नावांतही प्रश्नचिन्हं दिसतात.

गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) नावाऐवजी उलट्या रेघा आणि आकडे दाखवत असेल तर घाबरू नका, फाइलला काही झालेलं नाही. ‘कोटपाथ’ सेटिंग बंद करा. मॅकवर काम करणाऱ्यांचं, नावं अखंड रूपात नोंदवणारं ‘प्रीकंपोजयुनिकोड’ चालू आहे ना, तेही पाहून घ्या.

आरसिंकला थेट ‘डिलीट’ सांगणं

जुन्या मॅक डिस्कवर आणि लिनक्सवर एकाच नावाची दोन रूपं असतील, तर आरसिंक (दोन ठिकाणच्या फाइली एकसारख्या ठेवणारं साधन) तीच फाइल पुन्हा पाठवतो आणि ‘डिलीट’ पर्यायामुळे पलीकडची पुसतो. त्यातल्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायाने रूपांतर सांगता येतं. आधी कोरडी फेरी, म्हणजे काहीही न बदलता फक्त काय होईल ते पाहणं, मात्र हवीच.

प्रोग्राममध्ये नाव परस्पर बदलणं

तुलना करताना दोन्ही नावं एनएफसीत आणा, पण फाइल उघडताना डिस्कने दिलेलं नाव जसंच्या तसं वापरा. डिस्कवरचं नाव सुटं असताना एनएफसी केलेल्या नावाने लिनक्सवर फाइल उघडायला गेलात तर ‘अशी फाइल नाही’ हेच उत्तर मिळेल.

शेवटी लांबी. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून जेमतेम ८५ चिन्हं. एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक) असल्याने तिथे चाललेलं लांब मराठी नाव लिनक्सवर कॉपी होताना अडतं. अशा वेळी परवानग्या तपासण्यात वेळ घालवू नका, नाव छोटं करा.