शिगम्याचे फोटो आणि दोन खाने

गोव्यातल्या फोंड्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सुमाराच्या आमच्या सणात, रोमटामेळाच्या मिरवणुकीचे फोटो काढून रात्री परतलं की कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायची, आणि तिथेच घोळ व्हायचा. विंडोज एक्सप्लोररच्या चार-पाच खिडक्या उघड्या, माउसने ओढताना हात सुटायचा. यंदा चित्ररथांचा अख्खा फोल्डर गायब. तासाभराने दुसऱ्याच फोल्डरच्या पोटात सापडला.

मग डबल कमांडर हा फाइली हाताळायचा प्रोग्राम बसवला. फुकट आहे, लिनक्सवरही चालतो. एकाच खिडकीत दोन खाने: डावीकडे कार्ड, उजवीकडे हार्ड डिस्क. टॅबने इकडून तिकडे, एफ५ दाबलं की कॉपी. ही दोन खान्यांची मांडणी १९८६च्या नॉर्टन कमांडर या जुन्या प्रोग्रामची, अजून तितकीच कामाची. पहिले दोन दिवस मात्र हात माउसकडेच जायचा.

खरा फायदा नावं बदलताना झाला. सगळे फोटो निवडून कंट्रोल-एम दाबायचं, ‘शिगमो_फोंडा_’ लिहून पुढे तीन आकडी काउंटर लावायचा. जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी दिसतं, त्यामुळे चूक आधीच कळते. सहाशे फोटोंना चहा निवायच्या आत नावं लागतात.

एफ६ मी कार्डावर कधीच वापरत नाही. त्याने फाइल हलते, मूळ जागी राहत नाही. दुसऱ्या डिस्कवरही प्रत पोचली की मगच कार्ड पुसतो.