स्लो कुकरमधला बीफ-राजमा स्टू : या चुका टाळा

स्लो कुकर म्हणजे विजेवर, मंद आचेने तासन् तास शिजवणारं भांडं. त्याच्या नावातला ‘कुकर’ आपल्याला फसवतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, म्हणून भिजवलेला राजमा थेट टाकून शिट्ट्या घेतल्या की काम होतं. स्लो कुकर थंडच सुरू होतो, बराच वेळ नुसता कोमट असतो आणि ‘लो’वर कित्येकदा उकळीपर्यंत पोचतही नाही. त्यामुळे या स्टूची निम्मी मेहनत झाकण लावण्याआधीच करावी लागते.

प्रमाण ६ लिटरच्या भांड्याचं : १ किलो बीफ, ३५० ग्रॅम सुका राजमा, २ मोठे कांदे, ६ लसूण पाकळ्या, २ गाजरं, २ बटाटे, ४०० ग्रॅमचा टोमॅटोचा एक डबा, ६०० मिली बीफ स्टॉक.

कच्चा राजमा भांड्यात टाकणं

ही चूक चवीची नाही, तब्येतीची आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. गंमत म्हणजे स्लो कुकर मुळात ‘नॅक्सन बीनरी’ म्हणून, कडधान्य शिजवण्यासाठीच विकला जायचा; १९७१ मध्ये तो ‘क्रॉक-पॉट’ या नावाने आला. शिकागोच्या इरव्हिंग नॅक्सन यांना तो सुचला लिथुआनियातल्या ज्यू घरांतल्या चोलंटवरून, म्हणजे मांस आणि कडधान्याच्या स्टूवरून. पण ते चोलंट रात्रभर बेकरीच्या भट्टीत राहायचं. भट्टी आधी कडक तापलेली असते आणि हळूहळू निवते. स्लो कुकरचं नेमकं उलटं आहे.

म्हणून राजमा रात्रभर भरपूर पाण्यात, चमचाभर मीठ घालून भिजवा. मिठाने साल मऊ होते. ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळी आल्यापासून ३० मिनिटं उकळा. एवढ्याने तो सुरक्षित होतो, मऊ मात्र होत नाही. दाणा बोटांत दाबल्यावर मोडेल, पण साल फुटलेली नसेल, इथवर आच कमी करून शिजू द्या. प्रेशर कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या पुरतात. डबाबंद राजमा शिजलेलाच असतो; दोन डबे धुऊन शेवटच्या अर्ध्या तासात घाला.

टोमॅटो लवकर घालणं

आंबटपणाने राजम्याची साल घट्टच राहते. आठ तासांनंतरही दाणा कचकचीत लागत असेल तर बहुतेक कारण हेच. पाणी जड असलं तरी तसंच होतं. राजमा पुरता मऊ नसेल तर टोमॅटो शेवटच्या तासात घाला.

मांस न भाजणं, किंवा गर्दी करून भाजणं

‘चक’ म्हणजे खांद्याचं मांस घ्या, ४ सेंटिमीटरचे तुकडे करा. त्यातल्या कोलॅजेनचं, म्हणजे चिवट तंतूंचं, हळूहळू जिलेटिन होतं आणि रस्स्याला अंग येतं. चरबी नसलेला महागडा तुकडा इथे वाया जातो. तो कोरडा, धाग्याधाग्याचा होतो. तुकडे कागदाने टिपून जाड बुडाच्या कढईत चार-पाच खेपांत भाजा, दर बाजूला ३ मिनिटं. कान देऊन ऐका : आधी कडक चुरचुर येते, ती बसून बुडबुड सुरू झाली की समजा, पाणी सुटलंय आणि मांस राखाडी पडतंय. कांदा-लसूणही त्याच कढईत परता आणि बुडाला चिकटलेलं खरपूस अर्धी वाटी स्टॉकने खरवडून घ्या. सगळी चव त्यातच आहे.

गोठलेलं मांस थेट टाकू नका. ते जंतू वाढतात अशा धोक्याच्या तापमानात फार वेळ राहतं.

झाकणाखाली

बटाटे-गाजरं अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून तळाशी आणि कडेला लावा. ती मांसापेक्षा उशिरा शिजतात. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरा, पण दोन तृतीयांशावर जाऊ नका. ‘लो’वर ८ ते ९ तास, ‘हाय’वर ५ ते ६. दर वेळी झाकण उघडलं की १५-२० मिनिटं वाढवावी लागतात.

तरी बिघडलंच तर

मांस चिवट लागलं म्हणजे जास्त शिजलं असं नाही, अजून शिजायचं आहे, तासभर ठेवा. रस्सा पातळ राहतो तो पाणी आटत नाही म्हणून. गॅसवरच्या पाककृतीतलं पाणी इथे निम्मं करायचं. पातळ झालाच तर वाटीभर राजमा ठेचून परत घाला, किंवा २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर ३ चमचे थंड पाण्यात कालवून ओता आणि ‘हाय’वर २० मिनिटं ठेवा. चव सपक वाटली तर आधी मीठ, मग चमचाभर व्हिनेगर.

उरलेला स्टू त्याच भांड्यात निवत ठेवू नका. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवसांत संपवा. गरम करायचा तो गॅसवर, उकळी येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये नाही.