बायबल वाचताना या चुका टाळा: लेवीयपाशी अडकलेल्यांसाठी

दरवर्षी जानेवारी संपत आला की मला एक तरी फोन येतोच. “ताई, लेवीयपाशी अडकले.” लेवीय म्हणजे बायबलमधलं तिसरं पुस्तक. तारीखसुद्धा जवळपास ठरलेली. आम्ही प्रॉटेस्टंट लोक वाचतो त्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० झाले की माणूस २८ जानेवारीच्या सुमाराला बरोबर लेवीयच्या दारात उभा राहतो. समोर होमबली, अन्नबली, चरबी आणि गुरदे. तिथून पुढे चामडीच्या रोगांचे दोन लांबलचक अध्याय. पवित्र शास्त्र परत कपाटात जातं ते थेट गुड फ्रायडेला बाहेर येतं.

कोपरखैरण्यात आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी आठ-दहा जण अभ्यासाला बसतात. मी चर्चची पाळक नाही, धर्मशिक्षणाच्या सेमिनरीची पायरीही चढलेली नाही. ठाण्यात एका ऑफिसात हिशेब बघते. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, काही तर दोनदा. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. आपण ज्या तऱ्हेने वाचतो, त्याच तऱ्हेचा देव आपल्याला त्यात दिसायला लागतो.

टिकमार्कची वही

माझ्याकडे वाचनाचा तक्ता होता. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर अध्याय उरकायचे आणि टिक करायची. एकदा १ इतिहासातल्या वंशावळ्या चालल्या होत्या. सुरुवातीचे नऊ अध्याय, नुसती नावं. घणसोलीला वाचलेलं ऐरोलीला आठवत नव्हतं, पण टिक झाली होती. पुढे आजारपणात अकरा दिवस बुडाले. तेव्हा जे वाटलं ते ऑफिसात रिटर्नची तारीख चुकल्यावर वाटतं तसंच होतं. प्रार्थनेला बसायचीसुद्धा लाज वाटायला लागली. देव जणू लाल पेन घेऊन वर बसला आहे आणि माझ्या रिकाम्या चौकोनांकडे बघतो आहे.

यावर उपाय सोपा आहे, मनाला पटवणं तेवढं अवघड. थकबाकी सोडून द्या. बुडालेले अध्याय भरून काढू नका, आजची तारीख घ्या आणि पुढे चला. नवीन असाल तर उत्पत्तीपासून सरळ रेषेत जाण्यापेक्षा मार्क किंवा लूक घ्या. मार्कचे १६च अध्याय आहेत. नाहीतर एखादं छोटं पत्र घ्या आणि आठवडाभर तेच वाचा. फिलिप्पैकरांचं पत्र चारच अध्यायांचं. सावकाश वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे कोपरखैरणे ते ठाणे एकदा पूर्ण होतं. चौथ्या दिवशी लक्षात येतं की हे पत्र लिहिणारा तुरुंगात आहे आणि पानोपानी आनंद म्हणतो आहे. टिकांच्या नादात मला हे अनेक वर्षं दिसलं नव्हतं.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. तिच्या बायबलला जुन्या लुगड्याच्या कापडाचं कव्हर होतं आणि स्तोत्रांच्या पानांचे कोपरे तिच्या बोटांनी पिवळे झाले होते. ती ओळीखाली बोट सरकवत वाचायची आणि कधी कधी आठवडाभर पुढेच जायची नाही. मी शाळेत असताना तिला म्हटलं, “आजी, अशानं कधी संपणार?” ती म्हणाली, “संपवायचंय कशाला? परत द्यायचंय का कुणाला?”

बोट ठेवून कौल लावणे

गावाकडे देवळात कौल लावतात, त्याला आपण नाकं मुरडतो. आणि घरी येऊन डोळे मिटून बायबल उघडतो, बोट ठेवतो, ज्या वचनावर पडेल तो देवाचा निरोप. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षभराचं वचन म्हणून कार्ड उचलायची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. त्यात मला वावगं वाटत नाही. कार्डावरचं वचन ज्या अध्यायातलं आहे तो अध्याय घरी जाऊन वाचा, एवढंच म्हणेन. निर्णयासाठी बोट ठेवणं मात्र वेगळं.

आम्ही उलव्यात फ्लॅट बुक करावा की नाही अशा विचारात होतो. कागदपत्रं वकिलाला दाखवायची होती, मला त्याचा कंटाळा आला. मी बोट ठेवलं. यहोशवा १:३. तुमच्या पायाचे तळवे जिथे जिथे पडतील ते प्रत्येक ठिकाण मी तुम्हांला दिलं आहे. आणखी काय हवं! दुसऱ्याच दिवशी टोकन भरलं. ताबा ठरल्यापेक्षा चार वर्षं उशिरा मिळाला. ती चार वर्षं भाडं आणि हप्ता दोन्ही भरताना मी देवावर रुसून होते. त्याने फसवलं म्हणून. त्याने काय फसवलं? तो यहोशवाशी बोलत होता, यार्देन नदी ओलांडण्याबद्दल. वकिलाकडे जायची अक्कल मला त्यानेच दिली होती, ती मी वापरली नाही.

एकच वचन फ्रेम करून लावणे

ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत कमी ओळखू येते. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांसारखी पत्रं लिहिली तेव्हा त्यात वचनांचे आकडे नव्हते. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे आले १५५१ साली, रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याच्या आवृत्तीत. शोधायला सोय झाली, पण तोडायलाही झाली. “मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे” हे फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वचन दहावीच्या मुलांच्या टेबलावर चिकटवलेलं असतं. त्याच्या अलीकडची ओळ उपाशी राहण्याबद्दल आहे. पौल म्हणतो, पोटभर असलं तरी आणि भूक असली तरी राहायला मी शिकलो आहे. ९५ टक्क्यांची हमी त्यात कुठे आहे?

पण खरी गंमत यिर्मया २९:११ची. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. आमच्या ओळखीतल्या निम्म्या हॉलमध्ये ही पाटी आहे, आमच्याही होती. एका शुक्रवारी ठरवलं की अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा अध्याय सलग वाचायचे, आणि सगळेच गप्प झाले.

बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून लोक पकडून नेले आहेत. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हे हवंच असतं. यिर्मया मात्र कैद झालेल्यांना पत्र लिहितो: दोन नाही, ७० वर्षं. हिताच्या संकल्पांचं ते वचन या आकड्याला लागूनच, पुढच्या ओळीत येतं. पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस घरी परतणार नाही, हे त्यालाही कळलं असेल. तरी देव म्हणतो, हिताचे संकल्प. आणि तोवर करायचं काय? तेही आधीच सांगितलं आहे. घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात पाठवलं आहे त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा.

आमच्या गटात कोणी साताऱ्याचे, कोणी जालन्याचे, एक कुटुंब मुंबईतली चाळ पडल्यावर इकडे आलेलं. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. इथल्या गावांच्या जमिनी घेऊन शहर उभं राहिलं आणि आपण बाहेरून येऊन त्यात भरलो. आमच्यातले बरेच जण वीस-पंचवीस वर्षं “गावाला घर बांधलं की जाऊ” म्हणत सामान अर्धं बांधलेलंच ठेवून राहिले आहेत. सोसायटीच्या मीटिंगला जात नाहीत, शेजारच्याचं आडनाव माहीत नाही. त्या संध्याकाळी जालन्याच्या ताई म्हणाल्या, “म्हणजे देव म्हणतोय कढीपत्ता लाव बाल्कनीत.” हसलो सगळे. मला मात्र ते त्या वचनावर ऐकलेल्या कित्येक प्रवचनांपेक्षा जवळचं वाटलं. देवाची प्रीती म्हणजे लवकर सुटका, हे हनन्याचं गणित होतं.

उपाय: फ्रेममधलं वचन काढू नका. त्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचा. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे अडकलेले असताना, एवढे तीन प्रश्न विचारा. माझ्याविषयी यात काय आहे, हा चौथा.

काही छोट्या अडचणी

वाचताना सारखं “हे अगदी आमच्या जाऊबाईंना लागू पडतं” असं वाटत असेल तर थांबा. त्यांच्याकडे त्यांचं बायबल आहे.

मोबाईलवर वाचत असाल तर नोटिफिकेशन बंद करा. हे मी लिहिते आहे खरं, माझं अजून होत नाही.

भाषा जड वाटत असेल तर दोष तुमचा नाही. सार्वकालिक, नीतिमत्त्व, समेट हे शब्द रोजच्या बोलण्यातले नाहीत. पंडिता रमाबाईंना हेच खटकलं होतं. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत भाषांतर करायला घेतलं. १९२२ साली त्या वारल्या, आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामात गेली. दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. जिथे शब्द वेगळे दिसतील तिथे थांबण्यासारखं काहीतरी असतं.

आणि वाचूनही काहीच वाटत नसेल तर? वडील आयसीयूत असताना मी हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून योहान ३:१६ वाचायचे, देवाने जगावर प्रीती केली ते वचन. अक्षरं लागायची, आत काही पोचायचं नाही. एका पाळकसाहेबांनी सांगितलं, स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारात संपतं. शेवटी “तरीही मी स्तुती करीन” अशी ओळ येत नाही. असं स्तोत्र शास्त्रात ठेवलेलं आहे, हे पाहूनच मला रडू फुटलं. मन कोरडं पडलं म्हणजे देव लांब गेला, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

करडाचा हिशेब

१ करिंथ १३ लग्नात वाचतात, त्यामुळे त्यातली प्रीती हारतुऱ्यांची वाटते. त्यात एक ओळ आहे, प्रीती अपकार स्मरत नाही. तिथला मूळ ग्रीक शब्द हिशेबातला आहे, खात्यावर मांडून ठेवणे अशा अर्थाचा. दिवसभर नोंदी करणाऱ्या बाईला हे कळल्यावर काय झालं असेल! माझ्याकडे तर दोन्ही बाजूंची खाती होती. लोकांनी माझं केलेलं वाईट एका पानावर, देवासाठी मी केलेलं चांगलं दुसऱ्या पानावर.

हे दुसरं पान फार धोक्याचं, आणि ते नियमित उपासनेला येणाऱ्यांकडेच सापडतं. लूक १५ मधली बाप आणि दोन मुलांची गोष्ट वाचताना आपण धाकट्या मुलावर थांबतो. तो उधळला, परत आला, बापाने धावत जाऊन मिठी मारली. पण अध्यायाची सुरुवात पाहा. जकातदार आणि पापी लोक येशूभोवती जमलेत, आणि शास्त्री-परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे धर्मपुढारी, कुरकुर करताहेत की हा यांच्याबरोबर जेवतो. जकातनाके होते तेव्हा तिथल्या माणसाला काय बोलायचे, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. गोष्ट त्या कुरकुर करणाऱ्यांना सांगितलेली आहे. म्हणजे ती थोरल्याची आहे, घरीच राबलेल्या आणि भावाच्या मेजवानीला रागाने बाहेरच थांबलेल्या मुलाची.

गटात आम्ही हाच अध्याय सलग तीन शुक्रवार वाचला. आमच्यातले एक काका आहेत. तीस वर्षं त्यांनी उपासनेआधी येऊन मंडळीच्या सतरंज्या घातल्या, पंखे चालू केले, शेवटी कुलूप लावलं. दुसऱ्या शुक्रवारी ते म्हणाले, “चूक काय बोलला थोरला? इतकी वर्षं राबला. साधं करडूच तर म्हणाला, मित्रांबरोबर खायला.” कुणी काही बोललं नाही. मलाही उत्तर सुचलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी हळूहळू वाचताना दिसलं की बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर आला आहे. एकदा धाकट्यासाठी धावत, एकदा थोरल्यासाठी, पाहुणे आत सोडून, त्याची समजूत घालायला. थोरला म्हणतो, “हा तुमचा मुलगा”. बाप तेच उलटून म्हणतो, “हा तुझा भाऊ”. करडाचा हिशेब तो खोडत नाही. तू राबलास हे खोटं, असंही म्हणत नाही. बाळा म्हणतो. माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे, म्हणतो. म्हणजे करडू मागायचा प्रश्नच नव्हता, गोठाच त्याचा होता. आणि तो मात्र त्याच घरात गड्यासारखा पगाराची वाट बघत राहिला.

काकांनी चष्मा वर केला. “मग तो आत गेला का?”

“ते लिहिलेलं नाही, काका.”

“असं कसं? पुढे बघा ना.” त्यांनी स्वतःच पान उलटलं. सोळावा अध्याय. अन्यायी कारभाऱ्याचा दाखला, धनी त्याला बोलावून सांगतो, आपल्या कारभाराचा हिशेब दे. काकांनी त्याच्या दोन ओळी वाचल्या, आणि पान परत मागे घेतलं.