सोसायटीच्या फळ्यावर पुण्याचा महिना कसा लिहावा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जिन्यापाशी एक फळा आहे. पाणी कधी येणार नाही, लिफ्टची दुरुस्ती कधी, एवढंच त्यावर असायचं. त्यातला अर्धा भाग मी कमिटीकडून मागून घेतला आणि तिथे पुढच्या महिन्याचे कार्यक्रम लिहायला लागले. गाणं, नाटक, व्याख्यान, चित्रप्रदर्शन, रक्तदान शिबिर, संस्थांसाठी मदत गोळा करण्याचे उपक्रम, सगळं. पुण्यात कार्यक्रमांना तोटा नाही. पण त्यातले कितीतरी आपल्याला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, पार पडल्याच्या बातमीतूनच कळतात आणि मनापासून गेले असते ते लोक घरी बसलेले राहतात. तुमच्याकडेही एखादा फळा किंवा मोकळी भिंत असेल तर हे काम जरूर अंगावर घ्या.

सुरुवात महिन्यापासून नको, वर्षापासून करा. एका वहीत बारा पानं आखा आणि दरवर्षी ठरावीक काळात येणारे कार्यक्रम आधी टाका. जानेवारीत पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. फेब्रुवारीत फिरोदिया करंडक, म्हणजे महाविद्यालयांची कलास्पर्धा, आणि २८ तारखेला विज्ञान दिन. एप्रिलच्या अखेरीपासून मेमध्ये वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये तिचा पाया घातला. पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेच्या एकांकिका. डिसेंबरात सवाई, म्हणजे सवाई गंधर्वांच्या नावाचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव, आणि २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर भरू लागलेला पुणे पुस्तक महोत्सव. 'देणे समाजाचे' हे सामाजिक संस्थांचं प्रदर्शन पितृपक्षात असतं, म्हणजे ते तिथीने पुढे-मागे सरकतं. त्याचं पान दरवर्षी पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर बघून नव्याने भरावं लागतं.

हा सांगाडा तयार झाला की एक गोष्ट आवर्जून करा. ज्याला आधी नावनोंदणी किंवा तिकीट लागतं, त्याची नोंद आदल्या महिन्याच्या पानावरही करा. पिफची नोंद जानेवारीत लिहून उपयोग नाही, ती डिसेंबरात फळ्यावर यायला हवी. सवाईचंही तसंच.

मग उरतात ते सुटे कार्यक्रम, आणि खरी मेहनत इथेच आहे. मी तीन ठिकाणी बघते. एक, पेपरमधली शहरातल्या कार्यक्रमांची चौकट आणि शनिवार-रविवारच्या नाटकांच्या जाहिराती. दोन, नाट्यगृहांचे दर्शनी फलक. बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत आणि आमच्या जवळचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह इथून जाताना दोन मिनिटं थांबून फलक वाचला, मोबाइलवर फोटो काढला, की पुढचे आठवडे हाताशी येतात. बालगंधर्वच्या आणि यशवंतरावच्या कलादालनांतही डोकावून या. तिथली प्रदर्शनं दोन-तीन दिवसांत उतरतात, जाहिरात फारशी होत नाही, आणि चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. मुलांनी विचारलं तर तो रंग कसा लावला तेही दाखवतो. तीन, संस्था. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, भांडारकर संस्था १९१७ पासून, ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून. या संस्थांची व्याख्यानं, आकाशदर्शनं मोठ्या जाहिरातीत सापडत नाहीत. एकदा फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन त्यांच्या कळवण्याच्या यादीत आपलं नाव घालून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पत्रक मात्र तसंच फळ्यावर उतरवू नका. गेल्या वर्षीची पत्रकं दरवर्षी फिरतात आणि वर्ष बहुधा छापलेलंच नसतं. ते ओळखायचं कसं? वार आणि तारीख जुळते का ते बघा. एकच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन. पत्रकावर 'रविवार' आहे आणि यंदा ती तारीख सोमवारी येते, म्हणजे पत्रक जुनं. वार जुळला तरीही दिलेल्या नंबरवर फोन करा. मी फोनवर ठरलेले प्रश्न विचारते: कार्यक्रम नक्की आहे ना, पडदा किती वाजता उघडतो, दारं किती वाजता उघडतात, पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, प्रवेशिका कुठे मिळतील. 'विनामूल्य, काही जागा राखीव' असं असेल तर राखीव किती रांगा, हेही विचारा. पहिल्या सात-आठ रांगा राखीव असतील तर ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना आधीच सांगावं लागतं.

जागेचं नाव पूर्ण लिहा. नुसतं 'टिळक' लिहिलं तर कुणी टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात जाईल, कुणी नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात. पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी सभागृह दोन्ही नव्या पेठेत शेजारी-शेजारी, तिथेही लोक चुकीच्या दारात जाऊन बसतात. मी जागेपुढे खूण लिहिते आणि जायचं कसं तेही. बालगंधर्वला जायला आम्हाला वनाजकडून मेट्रो सोयीची. छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरायचं. पण रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर तो सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते, म्हणून त्या ओळीपुढे 'परतीची सोय स्वतःची' असं लिहायचंच.

फळ्यावरची ओळ छोटी असू दे. वार-तारीख, वेळ, काय, कुठे, तिकीट की विनामूल्य, आणि शेवटी 'कोणासाठी'. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'पाचवीच्या पुढची मुलं', 'खाली बसावं लागेल', 'दोन तास, मध्यंतर नाही' अशा चार शब्दांनी माणूस ठरवू शकतो. वक्त्याच्या पदव्या आणि उद्घाटकांची नावं लिहायला जागा घालवू नका. आणि महिन्याला पंधरापेक्षा जास्त ओळी नकोत. फळा गच्च भरला की कुणी वाचत नाही, त्यामुळे निवड करावीच लागते. माझी निवड अशी असते की दर आठवड्यात ऐकण्या-बघण्याचं एक, शिकण्याचं एक, आणि महिन्यातून किमान दोन तरी देण्याचे, म्हणजे रक्तदानाचे किंवा मदतीचे.

काही कार्यक्रमांना एक ओळ पुरत नाही, त्यांच्यासाठी वेगळा कागद डकवावा. सवाई हा त्यातला पहिला. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. पूर्वी रमणबागेत रात्रभर चालायचा; आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर, दुपारपासून रात्री दहापर्यंत. एखाद्या दिवशी परवानगीने बारापर्यंत. कागदावर हे लिहा: खुर्ची आणि भारतीय बैठक यांची तिकिटं वेगळी, पूर्ण महोत्सवाचं आणि एका दिवसाचं वेगळं. बैठकीला जाणाऱ्यांनी सतरंजी न्यावी, आणि दुपारी ऊन असलं तरी शाल न्यावी, आठनंतर मैदानावर चांगलीच थंडी पडते. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच दिवस सुचवते आणि त्या दिवशी सुरुवातीपासून बसायला सांगते. सुरुवातीला तरुण गायक-वादक असतात आणि ते जीव ओतून गातात-वाजवतात. शेवटच्या मोठ्या नावासाठी नऊ वाजता येणाऱ्याचं हे सगळं हुकतं.

दुसरा कागद विज्ञान दिनाचा. त्या दिवशी विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था लोकांसाठी खुली असते, डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ही संस्था मुलांनी एकदा तरी आतून बघावी. ज्यांना लांब जाणं जमेल त्यांनी नारायणगावजवळच्या खोडदला जावं. तिथली जीएमआरटी, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण, त्या सुमारास बघायला मिळते, आणि आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात. पालकांसाठी दोन सूचना लिहा: मोबाइल बंद ठेवा, कारण त्याच्या लहरी दुर्बिणीला त्रास देतात, आणि त्या शाळकरी मुलांना प्रश्न विचारा, नुसतं 'छान' म्हणून पुढे जाऊ नका.

आता देण्याच्या कार्यक्रमांविषयी, आणि हे मी सगळ्यात काळजीपूर्वक लिहिते. रक्तदान शिबिरं सण, जयंत्या, स्वातंत्र्यदिन अशा दिवशी एकदम होतात. पण रक्तातल्या लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट तर फक्त पाचच दिवस. म्हणून एका दिवशी शेकडो पिशव्या आणि पुढे महिनाभर काही नाही, असं झालं की रुग्णांचे हाल होतात. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा तुटवडा ठरलेला. त्या दोन महिन्यांत मी रक्तदानाची ओळ फळ्याच्या अगदी वर लिहिते, शिबिर नसेल तर जवळच्या रक्तपेढीची वेळ लिहिते. सोबत नियम: वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५, आधीच्या रक्तदानाला पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिने झालेले असावेत, आणि उपाशीपोटी जाऊ नये. ज्यांनी मार्चमध्ये दिलं त्यांना मेमध्ये देता येणार नाही हे त्यांना आधी कळलं तर ते तसं ठरवतात.

वस्तूंची मदत असेल तर संस्थेला फोन करून काय हवं ते विचारा आणि नेमकं तेच लिहा, मापासकट. 'जुने कपडे द्या' असं लिहिलंत की लोक कपाट रिकामं करतात आणि निवडण्याचं काम संस्थेच्या माथी येतं. 'नववीची पाठ्यपुस्तकं, चालू अभ्यासक्रमाची', 'मोठ्या माणसांचे डायपर, मध्यम माप', असं लिहिलं तर येतं ते सगळं कामाचं येतं.

पैशांची मदत असेल तर नोंद करण्याआधी संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. खरी संस्था तो लगेच देते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव यायला हवं. एखाद्या व्यक्तीचं आलं तर ती ओळ फळ्यावर घेऊ नका, समोरचा माणूस कितीही भला वाटला तरी. आयकरात सवलत घेणाऱ्यांना हेही सांगा की २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही. एखाद्या नाटकाचा किंवा मैफलीचा प्रयोग मदतीसाठी असेल, तर तिकिटातले किती पैसे संस्थेला जाणार तेही संयोजकांना विचारावं. लोकांना ते कळायला हवं, आणि सरळ काम करणारे संयोजक असं विचारल्यावर रागावत नाहीत.

फळ्याच्या तळाशी दोन ओळी रिकाम्या सोडा आणि दोरीला खडू बांधून ठेवा. तिथे 'मी जातेय, रिक्षात दोन जागा' असं कुणी लिहितं, कुणी जास्तीची प्रवेशिका असल्याचं कळवतं. दहा-बारा जण एकत्र निघणार असाल तर संयोजकांना आदल्या दिवशी आकडा सांगा. छोट्या सभागृहात एवढ्याने फरक पडतो, आणि येणार म्हणून सांगितलेल्यांपैकी दोघं गळाले तर तेही कळवा, म्हणजे त्या खुर्च्या दुसऱ्या कुणाला मिळतील.