शेपटीचा रंग ठरवताना: कात्री लावण्याआधीची तयारी

पोळ्याला महिना उरला की आमच्या घरी शेपट्यांचा विषय निघतो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरची लेकरं लाकडी नंदी ओढत निघतात, तेव्हा नुसता नंदी सजवून भागत नाही, लेकरूही सजवावं लागतं. कुणाला वाघ व्हायचं असतं, कुणाला वानर. मुखवटा आणि कपडे बाजारात तयार मिळतात. शेपटी मात्र हातानेच करावी असं मला मनापासून वाटतं, कारण तयार शेपटीत रंगाचा विचार क्वचितच केलेला असतो. शेपटीला ना चेहरा, ना डोळे. ती मागून दिसते, लांबून दिसते, हलताना दिसते. ओळख पटवायला तिच्याजवळ रंगाशिवाय फारसं काही नाही.

म्हणून आधी प्राणी नक्की करा, आणि नाव ऐकून नाही तर शेपटी पाहून करा. गोष्टींच्या पुस्तकात कोल्हा बहुतेक वेळा तांबूस आणि पांढऱ्या शेंड्याच्या शेपटीचा काढलेला असतो. ती शेपटी तांबड्या खोकडाची, म्हणजे इंग्रजीतल्या फॉक्सची. ते खोकड आपल्या देशात हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या मुलखात राहतं. विदर्भातल्या कोल्ह्याचा शेंडा काळा. इथल्या खोकडाचाही काळाच, बाकी शेपटी राखाडी आणि झुपकेदार. पेंचचा रानकुत्रा अंगाने विटकरी, पण शेपटी जवळजवळ सगळी काळी. बिबट्याच्या शेपटीवर ठिपके, ते शेंड्याकडे जाताना पट्ट्यांसारखे होतात, आणि खालची बाजू पांढरी. चालताना तो शेंडा वर वळवतो तेव्हा ते पांढरं चमकतं. बघा, सगळा फरक शेवटच्या वीतभरात आहे. मी त्यामुळे शेपटी कागदावर काढते तीच शेंड्यापासून.

वाघाबद्दल जरा जास्त सांगते, कारण नागपुरात दहातली निम्मी लेकरं वाघच होतात. माझ्या पहिल्या वाघशेपटीला मी टोकाला काळ्या लोकरीचा छान गोंडा लावला होता. उमरेडकडची माझी आत्या आली, शेपटी हातात घेऊन म्हणाली, “वाघाले गोंडा कुठं राह्यते वं? हे त सिंव्हाचं झालं.” अगदी खरं होतं. गोंडा सिंहाला असतो, बैलाला असतो. वाघाची शेपटी टोकापर्यंत सरळ, केस आखूड, वर काळी वलयं, शेंडा काळा, आणि खालची बाजू पांढुरकी. ती पांढुरकी पट्टी बहुतेक जण विसरतात, आणि तिच्यावाचून शेपटी केशरी नळीसारखी दिसते. शक्य असेल तर एकदा गोरेवाड्याला जाऊन या. तिथलं प्राणिसंग्रहालय २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं; सफारीच्या गाडीतून सगळे तोंडाचे फोटो काढतात, तुम्ही वाघ पाठमोरा होईपर्यंत थांबा.

प्राणी ठरला की तो कशावर दिसणार ते बघायचं. ज्या पँटवर किंवा धोतरावर शेपटी बांधायची ते कपडे समोर पसरून ठेवा. बुडाचा रंग कपड्याशी जुळता हवा, म्हणजे शेपटी तिथूनच उगवल्यासारखी वाटते. शेंडा मात्र कपड्यापासून वेगळा निघाला पाहिजे. काळ्या पँटवर रानकुत्र्याची काळी शेपटी हरवतेच, तिथे पँट बदला, प्राणी बदलू नका. दोन रंग एकमेकांवर उठतात का हे पाहायला सोपी युक्ती आहे: दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर लांबून पट्टे दिसणार नाहीत, जवळून कितीही वेगळे वाटोत. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी आपल्याकडे मारबत निघते, म्हणजे वाईटाला हाकलायला मिरवत नेलेला भलामोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारीच्या त्या गर्दीत माणसाला माणूस दिसत नाही, पण मारबत कुठवर आली ते लांबूनही कळतं, कारण एकच ठाम रंग. शेपटीतही दोन मुख्य रंग पुरतात, तिसरा फक्त शेंड्याला किंवा पोटाला.

वेळही विचारात घ्या. दिवसाच्या मिरवणुकीत बदामी, राखाडी, मातकट असे सौम्य रंग छान उमटतात. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेसाठी हनुमान सजवायचा असेल तर रात्रीचे दिवे आले. तिथे नुसती तपकिरी शेपटी अंधारात विरते. तिला शेंदरी छटा द्या आणि वीत-वीत अंतरावर सोनेरी जरीचे काठ गुंडाळा. शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर लाल दिवा असेल तर केशरी फिकट पडतो, म्हणून काळी वलयं जाड करा.

आता बाजार. कापड दिवसा घ्या. मी एकदा संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सुरेख केशरी फर पसंत केली. सकाळी गॅलरीत उलगडली तर गुलाबी झाक मारत होती. तेव्हापासून तुकडा दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेऊन बघते, दुकानदार कितीही घाई करो. फरच्या कापडाचा पन्हा साधारण साठ इंचांचा असतो, त्यामुळे एका शेपटीला अर्धा मीटर पुष्कळ होतं. सगळं एकाच ताग्यातलं घ्या. दुसऱ्या ताग्यात तोच रंग किंचित वेगळा निघतो आणि जोड उघडा पडतो.

हवा तो रंग मिळाला नाही तर रंगवू, असं ठरवून पांढरी फर आणू नका. आधी एक धागा चिमट्यात धरून ज्योतीला लावा. वितळून कडक गोळी झाली तर धागा कृत्रिम आहे, त्यावर सुती कापडाचा घरगुती रंग धरत नाही. अशा फरवर पातळ केलेला ॲक्रिलिक रंग टूथब्रशने लावावा आणि ओला असतानाच विंचरत राहावं, नाहीतर केसांच्या काड्या होतात. गरम हवेने सुकवू नका, केस आक्रसतात. पोळ्याच्या दिवसांत पाऊस हमखास असतो, तेव्हा रंग पूर्ण वाळल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघा. फडक्यावर रंग आला तर तो लेकराच्या नव्या कपड्यावरही येणार.

वलयं रंगवायची की तुकडे जोडून शिवायची, हे केसांच्या लांबीवर ठरतं. आखूड केसांवर रंगवलेलं चालतं. लांब केसांच्या फरमध्ये शिवलेला पट्टा केसांच्या लांबीइतका खाली सरकलेला दिसतो आणि त्याच्या कडा विस्कटतात, म्हणून खुणा तेवढ्या वर करा. सगळ्या तुकड्यांचे केस शेंड्याकडे वळलेले असावेत. एखादा उलटा लागला तर तोच रंग वेगळा, गडद वाटतो. कापताना कात्री नको, कापडाच्या उलट्या बाजूने ब्लेड फिरवा, केस शाबूत राहतात.

रंग हळूहळू बदलत न्यायचा असेल, म्हणजे खोकडाची राखाडी काळ्यात विरघळवायची असेल, तर फरपेक्षा लोकर बरी. चार पदरी पेड घ्या: आधी चारही राखाडी, मग तीन राखाडी एक काळा, मग दोन-दोन, मग एक-तीन, शेवटी चारही काळे. पेड सोडवून ब्रशने पिंजले की सांधा सापडत नाही. मला ही पद्धत सगळ्यात आवडते. वेळ दोन संध्याकाळी खाते, पण तसा करडा रंग मला अजून कुठल्या ताग्यात मिळालेला नाही.

भरायला कापूस नको, भिजला की जड होतो आणि ओली शेपटी रंगाने काळपट दिसते. उशीतलं फायबर भरा. आदल्या रात्री शेपटी खिळ्याला शेंडा खाली करून टांगून ठेवा, सकाळी वरून खाली विंचरा. पिशवीत सुई, बुडाच्या रंगाचा दोरा, दोन सेफ्टी पिना आणि शेंड्याच्या रंगाच्या फरचा एक तुकडा टाका. जमिनीला घासून झिजतो तो शेंडाच.