आस पाठ होता, ऋतू कळले नव्हते

स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या पूर्वपरीक्षेत मी अगदी थोडक्यात राहिलो. विज्ञान-भूगोल हे माझे हातचे गुण, असं मी धरून चाललो होतो. प्रश्न साधा होता : पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कधी असते? मी जुलै धरला. उन्हाळा-पावसाळ्याच्या बाजूला कुठेतरी जवळ असणार, एवढंच डोक्यात. 'पृथ्वीचा आस 23.5 अंशांनी कललेला आहे' हे वाक्य वहीत तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. त्याचा ऋतूंशी संबंध मात्र मी कधी लावलाच नव्हता. तो पेपर आठवला की अजून पोटात कालवतं.

म्हणून इथे घाई करू नका. उपसूर्य स्थिती, म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते, अंतर साधारण 14.7 कोटी किलोमीटर. अपसूर्य, म्हणजे सर्वांत दूर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, 15.2 कोटी. फरक 50 लाख किलोमीटरचा. आकडा दडपून टाकतो, पण एकूण अंतराच्या तो तीन-साडेतीन टक्केच आहे. आणि अंतरामुळे ऋतू होत असते, तर सगळ्या पृथ्वीवर एकदमच उन्हाळा आला असता. आपण जानेवारीत स्वेटर काढतो तेव्हा ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा असतो. मग उरतं काय? किरणं किती सरळ पडतात आणि दिवस किती मोठा असतो. दोन्ही आसाच्या कलण्यामुळे. रात्री दिवा घालवा, बॅटरी वहीवर सरळ धरा, मग तिरपी करा. उजेड तेवढाच, पण तिरपा झाला की पसरतो आणि फिका पडतो. हे हाताने करा. मी दोन वर्षं नुसतं वाचत राहिलो.

जीवशास्त्रातही हीच गत. 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात, रात्री श्वसन' असं एका ओळीत लिहिलेल्या नोट्स सर्रास फिरतात. चूक आहे. श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर जास्त म्हणून ते झाकलं जातं. अशा वनलायनर पीडीएफ सरळ काढून टाका. पाचवी ते दहावीची बालभारतीची पुस्तकं वाचा, आकृत्यांसकट. क्लासचं म्हणाल, तर 'ट्रिक' शिकवणाऱ्यापेक्षा 'थांब, बघून सांगतो' म्हणणारा शिक्षक मला कधीही चालेल. मला हे सगळं अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या ताईने समजावलं, तेही फुकट.

घाबरू मात्र नका. हा भाग खरंच अवघड नाही, एकदा डोळ्यांनी बघितला की विसरत नाही. सूर्य उत्तरेकडे सरकताना मे महिन्यात आपल्या डोक्यावरून जातो : कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात 13-14 मेच्या सुमारास, मग मुंबई, आणि नागपूरला महिना संपत आलेला असतो. कर्कवृत्तापासून तो परत फिरतो, म्हणून दिल्लीत तो कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. परतीच्या वेळी आपल्याकडे ढग असतात, तेव्हा मेचाच मुहूर्त साधा. गच्चीवर पाइपाचा तुकडा उभा करा; सूर्य बरोबर डोक्यावर आला की त्याची सावली नाहीशी होते. पण पुण्यात असाल तर साडेबाराच्या आसपास बघा. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत. बाराला जाऊन 'सावली तर आहे' म्हणत खाली उतरू नका.