रॉडचा सैल सांधा: माझा अनुभव

खाडीत जिताडा मासा धरण्यासाठी मुद्दाम बनवून घेतलेला माझा साडेसात फुटी, दोन तुकड्यांचा कार्बन रॉड, म्हणजे गळाची काठी. दोन वर्षं चांगला चालला. मग लूर (खोटं आमिष) फेकताना वरचा तुकडा फिरू लागला, दोरी ओवायच्या रिंगा वाकड्या दिसायच्या. एकदा तर तो तुकडाच लूरसोबत पाण्यात गेला! दोरी होती म्हणून परत मिळाला.

सांध्याच्या आत भरीव खुंटी आहे, तिच्यावर वरचा पोकळ तुकडा बसतो. नवा असताना दोन्ही तुकड्यांत बोटभर फट राहायची. खुंटी झिजली, वरचा तुकडा खाली सरकून खालच्याला टेकला, फट मिटली आणि पकड गेली. फट दिसत नाही म्हणजे सांधा घट्ट, असं मी समजत होतो. नेमकं उलटं होतं.

आधी साधी मेणबत्ती घासून पाहिली. दोन-तीन फेऱ्या निभावल्या, पुन्हा तेच. सेलोटेप लावू नका, आत चिकटून बसते.

शेवटी खुंटी स्पिरिटने पुसली आणि सावकाश सुकणाऱ्या अराल्डाइट गोंदाचा अगदी पातळ हात दिला. सुकेपर्यंत रॉड हाताने फिरवत बसलो, नाहीतर ओघळ येतो. (बायकोने विचारलं, कोंबडी भाजतोयस का?) दुसऱ्या दिवशी खुंटीवर पेन्सिल फासली, तुकडा घालून काढला, जिथे पेन्सिल पुसली गेली तेवढंच हजार नंबरच्या वॉटर पेपरने घासलं. असं सात-आठ वेळा. घाई केली असती तर पुन्हा सैल.

आता अर्ध्या बोटाची फट आहे. वरून मेणबत्तीचा हलका हात देतो, आणि दर तासाला सांधा चाचपतो.